रात्रभर साथ देणारा संगणक : आकाशचित्रणासाठी निवड कशी करावी?

देवयानी दीर्घिकेचे किंवा मृगातल्या तेजोमेघाचे चांगले छायाचित्र एका क्लिकमध्ये मिळत नाही. दोन-तीन मिनिटांच्या शंभर-सव्वाशे फ्रेम रात्रभर घ्याव्या लागतात आणि त्या एकमेकींवर रचून, म्हणजे स्टॅक करून, अंतिम चित्र तयार होते. या वेळात पृथ्वी फिरत असते आणि तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. ५०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलमध्ये साधारण दीड विकला मावतात. म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर फिरवणारा माउंट एक सेकंद थांबला, तरी तारा दहाएक पिक्सेल पुढे निघून जातो.

हे सगळे रात्रभर सांभाळण्यासाठी दुर्बिणीजवळ एक संगणक लागतो. तो निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती ताकदीचा घेऊ?’ माझे सांगणे असे आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी ठरवा कशाचे चित्रण करणार आणि कुठून करणार. त्यावरून सॉफ्टवेअर ठरते, सॉफ्टवेअरवरून ऑपरेटिंग सिस्टिम ठरते, आणि मग यंत्र. यंत्र निवडतानाही वेगापेक्षा भरवसा पाहावा. आठ तास कोणी हात न लावता चालेल, तोच या कामाचा चांगला संगणक.

हा संगणक नेमके काय करतो?

नियंत्रक संगणकाची कामे पुष्कळ असली, तरी प्रत्येक काम तसे हलके असते. तो माउंटला लक्ष्याकडे वळवतो. एक लहान फ्रेम घेऊन तिच्यातल्या ताऱ्यांची रचना तारासूचीशी ताडून पाहतो आणि दुर्बीण आकाशात नेमकी कुठे रोखलेली आहे ते शोधतो. याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. मग गायड कॅमेऱ्यातून दर एक-दोन सेकंदांनी एखाद्या ताऱ्याची जागा पाहून माउंटला बारीक दुरुस्त्या देत राहतो, हेच गायडिंग. तापमान उतरले की नळी आकसते आणि फोकस सरकतो, म्हणून मोटरवाल्या फोकसरकडून फोकस पुन्हा जुळवून घेतो. फिल्टर बदलतो, कॅमेऱ्याचे तापमान राखतो, फ्रेम साठवतो. लक्ष्य याम्योत्तर वृत्त ओलांडून पश्चिमेकडे गेले, की जर्मन विषुववृत्तीय माउंट उलट बाजूला फिरवून तेच लक्ष्य पुन्हा मधोमध आणतो. यालाच मेरिडियन फ्लिप म्हणतात.

यातल्या कुठल्याही कामाला महागडा प्रोसेसर लागत नाही. चार-सहा वर्षे जुना साधा लॅपटॉपही ते करू शकतो. भारी संगणक लागतो तो दुसऱ्या दिवशी, शंभर फ्रेम जुळवून त्यांवर प्रक्रिया करताना. सिरिल किंवा पिक्सइनसाइटसारखी सॉफ्टवेअर मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही भरपूर वापरतात. ते काम घरच्या टेबलावरच्या संगणकाला द्या. चित्रण आणि प्रक्रिया या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने कराव्यात असा हट्ट धरला, की पैसे चुकीच्या जागी जातात आणि दवात भिजणाऱ्या दुर्बिणीवर घरातला सर्वांत किमती संगणक टांगला जातो.

ग्रह की तेजोमेघ?

इथे मात्र एक मोठा फाटा आहे. तेजोमेघ, दीर्घिका, तारकागुच्छ यांच्या चित्रणात माहितीचा ओघ संथ असतो. २६ मेगापिक्सेलच्या १६ बिट कॅमेऱ्याची एक फ्रेम सुमारे ५२ मेगाबाइटची होते. तीन मिनिटांची एक अशा सहा तासांत १२० फ्रेम घेतल्या, तरी सगळे मिळून सव्वासहा गिगाबाइटच्या आसपास होतात.

ग्रहांचे तंत्र वेगळे. वातावरणाच्या थरथरीतून मधूनच मिळणारे स्पष्ट क्षण पकडण्यासाठी हजारो फ्रेमचा व्हिडिओ घ्यावा लागतो. गुरू सुमारे दहा तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे त्याचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांतच उरकावा लागतो, नाहीतर पृष्ठभागावरचे तपशील पुसट होतात. ६४० गुणिले ४८० पिक्सेलचा, सेकंदाला १५० फ्रेम देणारा ८ बिट व्हिडिओ घेतला, तर सेकंदाला ४६ मेगाबाइट माहिती येते. दोन मिनिटांत साडेपाच गिगाबाइट, आणि असे वीस व्हिडिओ घेतले की ११० गिगाबाइट.

हा ओघ यूएसबी २ च्या जोडाला पेलत नाही आणि मायक्रोएसडी कार्डालाही झेपत नाही. म्हणून ग्रह हाच तुमचा मुख्य विषय असेल, तर यूएसबी ३ पोर्ट, अस्सल वेगाची एसएसडी आणि निदान ५१२ गिगाबाइट जागा यांवर तडजोड करू नका. शार्पकॅप आणि फायरकॅप्चर ही या क्षेत्रातली रुळलेली सॉफ्टवेअर. शार्पकॅप फक्त विंडोजवर चालते. फायरकॅप्चर लिनक्स आणि मॅकवरही चालते.

सॉफ्टवेअर आधी ठरवा

खोल आकाशाच्या चित्रणासाठी आज तीन मार्ग प्रचलित आहेत.

पहिला विंडोजचा. इथे माउंट, कॅमेरा, फोकसर आणि सॉफ्टवेअर यांच्यात संवाद घडवणारी ॲस्कॉम नावाची प्रमाण व्यवस्था १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. तिच्यावर चालणारे ‘नीना’ हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर हौशी चित्रकारांमध्ये फार लोकप्रिय आहे. गायडिंगसाठी पीएचडी २ आणि प्लेट सॉल्व्हिंगसाठी ॲस्टॅप ही दोन्हीही मोफत. ॲस्टॅपची तारासूची एकदा उतरवून घेतली, की माळावर इंटरनेट नसले तरी अडत नाही. नीनामध्ये तीन ठिकाणच्या फ्रेमवरून ध्रुवीय जुळणी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्याचे काम, करून देणारे प्लगइन आहे आणि आपल्याकडे ते फार उपयोगी पडते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या जागेच्या अक्षांशाएवढी असते. पुण्यात ती साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस. शहरातल्या गच्चीवरून एवढ्या खालचा तारा शेजारच्या इमारतीमागे सहज लपतो. हे प्लगइन वापरले तर ध्रुवतारा दिसला नाही तरी जुळणी करता येते.

दुसरा मार्ग लिनक्सचा. इथे ॲस्कॉमच्या जागी इंडी ही व्यवस्था आहे आणि तिच्यावर केस्टार्स व त्यातले एकोस चालते. तेही मोफत आणि मुक्त स्रोत आहे. यात दुर्बिणीजवळच्या लहान संगणकावर इंडीचा सर्व्हर चालतो आणि तुम्ही दुसऱ्या संगणकावरून त्याला आज्ञा देऊ शकता. मॅक वापरणाऱ्यांसाठीही हाच मार्ग सोयीचा, कारण केस्टार्स मॅकवर चालते. ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकवर विंडोज बसवून ॲस्कॉम चालवण्याचा खटाटोप करू नका. बहुतेक उपकरणांचे विंडोज ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले असतात.

तिसरा मार्ग तयार पेटीचा. झेडडब्ल्यूओ कंपनीची एएसआय-एअर हे त्याचे ठळक उदाहरण. छोटी पेटी दुर्बिणीवर बसवायची आणि फोनवरच्या ॲपवरून सगळे चालवायचे. शिकायला सोपी, एका रात्रीत हात बसतो. मर्यादाही स्पष्ट आहे. ती झेडडब्ल्यूओचेच कॅमेरे आणि काही निवडक डीएसएलआर व मिररलेस कॅमेरे ओळखते. माउंट मात्र अनेक कंपन्यांचे चालतात. उद्या दुसऱ्या कंपनीचा थंड कॅमेरा आवडला, तर पेटीही बदलावी लागेल हे आज गृहीत धरून चला.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. एकही रुपया खर्च करण्याआधी हे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवून पाहा. ॲस्कॉमबरोबर आभासी दुर्बीण, आभासी कॅमेरा आणि आभासी फोकसर मिळतात. पीएचडी २ मध्येही सिम्युलेटर आहे आणि एकोसमध्येही. पावसाळ्याच्या संध्याकाळी घरात बसून लक्ष्य निवडणे, फ्रेमचा क्रम लावणे, गायडिंग सुरू करणे यांचा सराव करता येतो. कोणती पद्धत आपल्या हाताला सोयीची वाटते, ते चार संध्याकाळींत कळते. मग तुमच्या प्रत्येक उपकरणाची यादी करा आणि त्याचा ड्रायव्हर त्या मार्गावर आहे का, ते निर्मात्याच्या माहितीत तपासा. झेडडब्ल्यूओ, क्यूएचवाय, प्लेअर वन, टूपटेक यांच्या कॅमेऱ्यांसाठी ॲस्कॉम आणि इंडी दोन्हींचे ड्रायव्हर आहेत. अडचण येते ती सहसा अपरिचित फोकसर, फिल्टर व्हील किंवा जुन्या डीएसएलआरची. नीना कॅनन आणि निकॉनचे बरेच कॅमेरे थेट चालवते. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांबाबत नीट खात्री करून घ्या.

चार पर्याय, चार स्वभाव

*घरातला जुना लॅपटॉप.* सुरुवातीसाठी यापेक्षा शहाणा पर्याय नाही. पडदा, कळफलक आणि बॅटरी तिन्ही सोबत येतात आणि मुख्य वीज गेली तरी लॅपटॉप बंद पडत नाही. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा आणि मेमरी ८ गिगाबाइट करा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, त्यामुळे असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ दुर्बिणीसाठी वापरणे बरे. तोटे तीन. लॅपटॉप जमिनीवर किंवा टेबलावर असल्याने दुर्बिणीपासून लांब केबल ओढाव्या लागतात. पहाटे कळफलकावर दव साचते. आणि पडद्याचा उजेड शेजारच्या निरीक्षकांच्या डोळ्यांना त्रास देतो. आकाशदर्शनाच्या सामूहिक कार्यक्रमात जाताना पडद्यावर लाल पारदर्शक शीट लावा आणि भोवती पुठ्ठ्याचा आडोसा करा.

*मिनी पीसी.* तळहातावर मावणारा हा संगणक थेट दुर्बिणीच्या नळीवर किंवा माउंटच्या पायावर बांधता येतो. २०२३ पासून बाजारात आलेला इंटेल एन१०० प्रोसेसर या कामासाठी अगदी पुरेसा आहे. त्यात चार कोअर आहेत आणि त्याची नेमून दिलेली वीजमर्यादा फक्त ६ वॅट आहे. ८ गिगाबाइट मेमरी पुरते, १६ असेल तर निश्चिंत. खरेदी करताना पाच गोष्टी पाहा: १२ व्होल्टवर चालतो का, किमान चार यूएसबी पोर्ट आहेत का, लॅन केबलचा जोड आहे का, साठवण एसएसडीची आहे का, आणि वीज आल्याबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये आहे का. पंखा नसलेले मॉडेल धूळ आत ओढत नाही, म्हणून माळावर ते चांगले. मात्र एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच्याभोवती हवा खेळती राहील असे बसवा.

*रास्पबेरी पाय.* लिनक्सची आवड असलेल्यांसाठी सर्वांत कमी विजेचा मार्ग. पाय ४ हा २०१९ मध्ये आला, पाय ५ हा २०२३ मध्ये. दोन्हींवर इंडी आणि एकोस चांगले चालतात. स्टेलरमेटसारखी तयार प्रणाली घेतली तर जुळवाजुळव कमी होते. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, वीज. पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा पुरवठा हवा. तो ओळखला गेला नाही, तर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर मिळतात आणि कॅमेरा अधूनमधून दिसेनासा होतो. अशा वेळी स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब वापरा. दोन, घड्याळ. पाय ४ मध्ये वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळ नाही आणि पाय ५ मध्ये ते असले तरी बॅटरी वेगळी लावावी लागते. इंटरनेट नसलेल्या जागी वेळ चुकली की माउंट भलतीकडे वळतो, म्हणून जीपीएसची छोटी यूएसबी डोंगल जवळ असावी. तीन, कार्ड. न सांगता वीज तोडली तर मायक्रोएसडी कार्डावरची प्रणाली बिघडू शकते, म्हणून नेहमी रीतसर बंद करा आणि शक्य असेल तर एसएसडीवरून चालवा.

*तयार पेटी.* सॉफ्टवेअर, वाय-फाय आणि १२ व्होल्टचे वीजजोड एकाच डबीत मिळतात. एएसआय-एअरवर कॅमेरा, दवरोधक पट्टी वगैरेंना वीज देण्यासाठी चार जोड असतात, त्यामुळे केबलचा गुंता कमी होतो. ज्यांना संगणक जुळवण्यात रस नाही, आकाशाचा वेळ फक्त आकाशाला द्यायचा आहे, त्यांनी हा मार्ग संकोच न करता घ्यावा.

विजेचा हिशेब

अंधाऱ्या जागी वीज जवळ नसते. यात हिशेब चुकला की पहाटे तीनला सगळे थांबते, म्हणून तो कागदावर करा. मिनी पीसी साधारण १२ वॅट घेतो असे धरले, तर आठ तासांत ९६ वॅट-तास. लॅपटॉप ३० वॅट घेत असेल तर २४० वॅट-तास, आणि इन्व्हर्टर लावून त्याचा नेहमीचा अडॅप्टर चालवला तर वाटेतली हानी वेगळी. रास्पबेरी पाय साधारण ६ वॅट घेत असेल तर ४८ वॅट-तास.

आता बाकीची उपकरणे मिळवा. माउंट १२, थंड कॅमेरा २०, दवरोधक पट्टी १२ आणि संगणक १२ असे धरले, तर ५६ वॅट होतात, आठ तासांत ४४८ वॅट-तास. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तास देते, म्हणजे हिशेबाबाहेरही थोडी शिल्लक राहते. आपल्या उपकरणांचे खरे आकडे मात्र साध्या डीसी वॅटमीटरने स्वतः मोजा.

बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात तो आकडा हलता असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची पूर्ण भरलेली बॅटरी १३ व्होल्टच्या वर असते. जुनी शिसे-आम्लाची बॅटरी भाराखाली १२ च्या खाली उतरते. मिनी पीसीला इतका चढउतार चालतो का, ते निर्मात्याच्या माहितीत पाहा. खात्री नसेल तर मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर लावा. प्रत्येक वाटेवर फ्यूज असावा आणि लांब वायर जाड असावी, कारण बारीक वायरमध्ये व्होल्टेज घसरते.

गोल डीसी पिनही नीट पाहून घ्या. बाहेरून सगळ्या ५.५ मिमीच्या दिसतात, पण आतला व्यास २.१ किंवा २.५ मिमी असतो. २.५ चा प्लग २.१ च्या जोडात बसतो आणि चालतोही, पण दुर्बीण वळली की सैल संपर्क तुटतो आणि संगणक बंद पडतो. योग्य मापाचे जोड घेतल्याने कित्येक रात्री वाचतात.

केबल आणि यूएसबी

चित्रणाच्या रात्री वाया जातात त्या प्रोसेसर कमी पडल्याने नव्हे, बहुतेक वेळा केबलमुळे. हाच मुद्दा संगणक दुर्बिणीवरच बांधण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे. कॅमेरा, गायड कॅमेरा, फोकसर, फिल्टर व्हील यांच्या केबल अर्धा मीटर लांबीच्या आणि दुर्बिणीबरोबर फिरणाऱ्या होतात. खाली येते ती फक्त विजेची एक वायर. मेरिडियन फ्लिपच्या वेळी अडकायला काही उरत नाही.

यूएसबी ३ ची साधी केबल तीन मीटरच्या पुढे बेभरवशाची होते आणि यूएसबी २ ला पाच मीटरची मर्यादा आहे. त्याहून लांब जायचे असेल तर ॲक्टिव्ह केबल घ्या. कॅमेऱ्यावरचा जोड वेल्क्रोच्या पट्टीने आधारून ठेवा, म्हणजे केबलचे वजन जोडावर येत नाही. प्रत्येक उपकरण दर वेळी त्याच पोर्टला लावा आणि पोर्टवर चिकटपट्टीने नाव लिहा. पोर्ट बदलला की विंडोज काही उपकरणांना नवा कॉम क्रमांक देते आणि अंधारात माउंट सापडत नाही.

आणखी एक अदृश्य अडथळा आहे. यूएसबी ३ च्या केबल आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निर्माण करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. मोठी फ्रेम उतरत असताना वाय-फाय तुटत असेल, तर संशय इथे घ्या. चांगले आवरण असलेली केबल वापरा, ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय निवडा किंवा लॅन केबल ओढा.

खुर्ची दुर्बिणीपासून दूर

लडाखमधल्या हानले इथली हिमालयन चंद्र दुर्बीण समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिचे नियंत्रण उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळुरूजवळच्या होसकोटे इथून होते. तत्काळ करायचे काम दुर्बिणीजवळची यंत्रणा करते, माणूस दुरून आज्ञा देतो. हौशी चित्रणातही हेच तत्त्व पाळावे. गायडिंग आणि फ्रेम साठवणे दुर्बिणीवरच्या संगणकाने करावे आणि वाय-फायवरून फक्त पडदा पाहावा. मग मध्येच जोडणी तुटली तरी चित्रण सुरू राहते.

विंडोजमध्ये याची सर्वांत नितळ सोय रिमोट डेस्कटॉपची आहे, पण ज्या संगणकाशी जोडायचे त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्ती असेल तर व्हीएनसी किंवा रस्टडेस्कसारखे पर्याय आहेत. पडदा न जोडलेला मिनी पीसी कधी कधी चित्र दाखवत नाही किंवा फारच लहान आकारात दाखवतो. त्यावर एचडीएमआयचा डमी प्लग लावणे हा सोपा उपाय आहे.

माळावर इंटरनेट नसले तरी जोडणी हवी असते. विंडोजचा स्वतःचा हॉटस्पॉट इंटरनेटशिवाय सुरू होताना अडतो, म्हणून यूएसबीवर चालणारा छोटा ट्रॅव्हल राउटर बरोबर ठेवा. फोनचा हॉटस्पॉटही चालतो, डेटा नसला तरी. गच्चीवरून चित्रण करणाऱ्यांची अडचण निराळी असते, कारण आरसीसी स्लॅबमधून वाय-फाय नीट उतरत नाही. एकदाच लॅन केबल टाकून घ्या. ती १०० मीटरपर्यंत काम देते आणि पुढची कित्येक वर्षे डोकेदुखी वाचवते.

चित्रणाच्या रात्रीआधी

संगणक हाती आल्यावर एक संध्याकाळ फक्त सेटिंगला द्या. झोपण्याचा, म्हणजे स्लीपचा, पर्याय पूर्ण बंद करा. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, कारण वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट झोपवते आणि कॅमेरा गायब होतो. अपडेट चित्रणाच्या आठवड्यासाठी थांबवा. फ्रेम साठवण्याचे फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा, नाहीतर प्रत्येक फाइल क्लाउडवर चढवण्याची धडपड मागे चालू राहते. त्याच फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. वेळ, टाइम झोन आणि जागेचे अक्षांश-रेखांश तपासा.

सगळे चालू झाले, की ड्रायव्हरच्या आवृत्त्या गोठवा. अमावास्येच्या आदल्या दिवशी काहीही अद्ययावत करू नका. चालत्या प्रणालीची पूर्ण प्रत एका वेगळ्या डिस्कवर ठेवा, म्हणजे बिघाड झाला तर एका तासात पूर्वपदावर येता येईल.

आपल्याकडे चित्रणाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पुढचे चार महिने संगणक कपाटात राहतो आणि कोकणात तर या काळातली दमट हवा जोडांवर गंज चढवते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून तासभर चालवा. अपडेट करायची हीच योग्य वेळ.

कोणी काय घ्यावे?

पहिल्यांदाच या वाटेवर येत असाल तर घरातला लॅपटॉप घ्या आणि एक हंगाम त्यावरच काढा. त्या काळात आपण ग्रहांकडे ओढले जातो की दीर्घिकांकडे, हे आपोआप कळेल.

दर अमावास्येला गाडीत सामान घालून शहराबाहेर जात असाल, मग ते सह्याद्रीच्या पठारांवर असो किंवा २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क ठरलेल्या पेंच परिसरात, तर १२ व्होल्टवर चालणारा, पंखा नसलेला मिनी पीसी आणि त्यावर नीना ही जोडी घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे वापरणाऱ्यांना याहून मोकळा मार्ग नाही.

कॅमेरे एकाच कंपनीचे असतील आणि फोनवरून सगळे चालावे अशी इच्छा असेल, तर तयार पेटी. लिनक्स हाताळायला आवडत असेल आणि वीज फार जपून वापरायची असेल, तर रास्पबेरी पाय. ग्रहच टिपायचे असतील, तर वेगवान एसएसडीचा लॅपटॉप, कारण तिथे तुम्ही पडद्यासमोर बसूनच काम करता.

गच्चीवर किंवा गावाकडच्या शेतात सरकत्या छपराची कायमची वेधशाळा बांधली असेल, तर मिनी पीसीबरोबर यूपीएस, लॅन केबल आणि पावसाची सूचना देणारा सेन्सर या तिन्हींची तरतूद संगणकाच्या किमतीआधी करा. तिथे माणूस हजर नसतो, म्हणून भरवशाची किंमत दुप्पट असते.

दोन यंत्रांत निवड अडली तर कमी वेगाचे पण तुमच्या उपकरणांबरोबर आधीच कोणी हंगामभर वापरलेले यंत्र घ्या. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांच्या आकाशदर्शनात जा. तिथे अशी जुळणी प्रत्यक्ष चालताना पाहता येते आणि अडलेले प्रश्न विचारता येतात. पण त्याआधी, येत्या रविवारी, ॲस्कॉम आणि नीना किंवा केस्टार्स घरच्या संगणकावर बसवा आणि आभासी दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेच्या दहा फ्रेमचा क्रम लावून पाहा. तो क्रम मदतीशिवाय पुरा करता आला, की कोणता संगणक घ्यायचा याचे उत्तर तुमच्यापाशी बहुतेक तयार असेल.